कबड्डीची मॅट, सरकारचं अनुदान आणि 31 मार्च

आमच्या मंडळाची मीटिंग कुठलीही असो, गणपतीची, स्पर्धेची, नाहीतर नुसती हिशोबाची, शेवटी कुणीतरी एक जण म्हणतोच, "अरे साहेबांना सांगून एकदा फंड आणा ना, किती दिवस पोरं मातीत गुडघे फोडणार." मी नवी मुंबईत कोपरखैरणेला एका कबड्डी मंडळाचा खजिनदार आहे, अकरा वर्षं झाली, आणि हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी विचारतो, फंड म्हणजे नक्की कुठला? आमदारांचा, खासदारांचा, महापालिकेचा, जिल्हा नियोजन समितीचा, क्रीडा खात्याचा की दिल्लीचा? कारण प्रत्येकाचा नियम वेगळा, टेबल वेगळं, अर्ज वेगळा. बहुतेक मंडळं चुकीच्या दारात वर्षभर उभी राहतात आणि मग म्हणतात सरकार खेळाला काही देत नाही. देतं हो. पण कसं देतं ते आधी समजून घ्यायला लागतं, आणि ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपल्या घटनेत खेळ हा विषय राज्याच्या यादीत आहे, सातव्या परिशिष्टातली 33 नंबरची नोंद. म्हणजे मैदानं, संकुलं, शालेय स्पर्धा ही मूळ जबाबदारी राज्याची. केंद्र सरकार वरून मदत करतं, योजना आणतं, पैसे देतं, पण आपल्या गल्लीतलं मैदान दिल्लीतून कुणी येऊन बांधणार नाही. खेलो इंडियाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, 2017-18 मध्ये जुन्या तीन योजना एकत्र करून ती नव्या रूपात आली, पुढच्या पाच वर्षांसाठी म्हणजे 2021-22 ते 2025-26 साठी तिला 3165.50 कोटी रुपये मंजूर झाले. आकडा मोठा वाटतो, पण तो अख्ख्या देशासाठी, पाच वर्षांसाठी, आणि त्यातच खेलो इंडियाच्या स्पर्धा, खेळाडूंचा खर्च, अकादम्या, सगळं आलं. निवडलेल्या खेळाडूला वर्षाला 6.28 लाखांचा आधार मिळतो त्यात, त्यातले 10 हजार दरमहा हातखर्चाला. चांगलीच योजना आहे ती. पण त्यातलं बांधकाम, म्हणजे सिंथेटिक ट्रॅक, बहुउद्देशीय हॉल, स्विमिंग पूल वगैरे, त्याचे प्रस्ताव राज्य सरकार नाहीतर महापालिका, विद्यापीठ असल्या यंत्रणांकडून जातात. आपल्या मंडळाने लेटरहेडवर थेट दिल्लीला पत्र लिहिलं तर ते फिरून इथेच खाली येणार. आमच्या एका पोराने हौसेने पाठवलं होतं, छान लिहिलं होतं बिचाऱ्याने.

मग इथे खाली कोण आहे? जिल्हा क्रीडा अधिकारी. राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय पुण्यात बालेवाडीला, 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या शिवछत्रपती क्रीडानगरीत, आणि त्यांचा जिल्ह्यातला माणूस म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकारी. आता इथेच नवी मुंबईवाल्यांची पहिली गल्लत होते. ऐरोली ते बेलापूर हा महापालिकेचा पट्टा ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे आपला अर्ज ठाण्याला. पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगड जिल्ह्यात, त्यांचं ऑफिस अलिबागला. बेलापूर आणि खारघर यात लोकलचं एकच स्टेशन आहे, पण अनुदानाच्या हिशोबात ते दोन वेगळे जिल्हे. खारघरच्या एका क्लबचे लोक ठाण्यात फाईल देऊन तीन महिने वाट बघत होते, मला भेटले तेव्हा कळलं. तीन महिने म्हणजे या कामात सीझनच गेला.

राज्याच्या योजना दोन पातळ्यांवर बघा. एक मोठी, क्रीडा संकुलांची. तालुक्याला एक, जिल्ह्याला एक, विभागाला एक अशी रचना आहे. तालुका संकुलाची मर्यादा आधी 1 कोटी होती, ती 5 कोटी केली, जिल्ह्याची 8 वरून 25 कोटी आणि विभागाची 24 वरून 50 कोटी. ऐकायला छान, पण आपल्याकडची गंमत नव्हे, अडचण सांगतो. ही सगळी मोजणी तालुक्याने होते, आणि ठाणे तालुका म्हणजे किती? ठाणे महापालिका त्यात, नवी मुंबई महापालिका त्यात, मीरा-भाईंदरही त्यात. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहर 18 लाखांच्या वर, नवी मुंबई 11 लाखांच्या वर, मीरा-भाईंदर 8 लाखांच्या वर, म्हणजे तीन महापालिका आणि 37 लाख माणसं एका तालुक्यात. शहापूर, मुरबाड हेही एकेक तालुकेच. गावाकडे तालुक्याला एक संकुल हा विचार बरोबर बसतो, तिथे जागा असते, लोक कमी असतात. आमच्याकडे तो बसतच नाही, त्यामुळे इथली मैदानं सगळी महापालिका आणि सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, यांच्या भरवशावर. माझ्या मते शहरांसाठी हा निकष लोकसंख्येवर न्यायला पाहिजे, हे मी क्रीडा खात्याच्या एका बैठकीतही उभं राहून बोललो होतो.

दुसरी पातळी आपल्यासारख्यांची. व्यायामशाळा विकास अनुदान आणि क्रीडांगण विकास अनुदान. व्यायामशाळेत नवं बांधकाम, जुनी दुरुस्ती, व्यायामाचं साहित्य, ओपन जिम असली कामं येतात. क्रीडांगणात मैदान सपाट करणं, धावण्याचा ट्रॅक, कुंपण, चेंजिंग रूम, संडास-बाथरूम, पिण्याचं पाणी असं. बरीच वर्षं दोन्हींची मर्यादा 7 लाख होती. हे आकडे शासन बदलतं, म्हणून ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीचा जीआर म्हणजे शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या वेबसाईटवरून काढून समोर ठेवा आणि त्यातली कामांची यादी शब्दन् शब्द वाचा. यादीत जे नाही ते साहेबांनी तोंडी कितीही हो म्हटलं तरी मिळत नाही, कारण बिलाच्या वेळी ऑडिटवाला यादीच बघतो. आणि साहित्याच्या बाबतीत बऱ्याचदा पैसे हातात येतच नाहीत, ऑफिसच खरेदी करतं आणि वस्तू आणून देतं, तेव्हा मंडळात आधीच सांगून ठेवा की खात्यात सात लाख जमा होणार आहेत असं समजून कुणी टाईल्सवाल्याला शब्द देऊ नका.

हा पैसा मुख्यतः येतो जिल्हा नियोजन समितीकडून, आपण तिला डीपीसी म्हणतो. पालकमंत्री तिचे अध्यक्ष. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा तिथे ठरतो, रस्ते, शाळा, दवाखाने आणि त्यात एक ओळ खेळाची. म्हणजे क्रीडा अधिकाऱ्याला जितका निधी त्या ओळीत मिळाला तितकाच तो वाटू शकतो, अर्ज शंभर आले तरी. इथे लोक राजकारण राजकारण म्हणून ओरडतात, आणि ओळख चालते हे मी नाकारत नाही. पण मी माहितीच्या अधिकारात, दहा रुपयाचा स्टॅम्प लावून, एकदा गेल्या काही वर्षांची लाभार्थी यादी आणि नाकारलेल्या अर्जांची कारणं मागवली होती. कारणांच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच, जागेचा पुरावा अपूर्ण, जागेचा पुरावा अपूर्ण.

तर जागा. या सगळ्या विषयाचा जीव जागेत आहे. सरकार पैसा देताना विचार करतं की उद्या हे मंडळ बंद पडलं, भांडणं झाली, तर या पैशातून झालेली भिंत कुणाची? म्हणून जागा तुमच्या मालकीची असावी, नाहीतर लांब मुदतीच्या करारावर असावी, निदान मालकाची लेखी परवानगी असावी. गावाकडे सातबारा दाखवला की झालं. नवी मुंबईत सातबारा दाखवणार कुठून? 1970 साली सिडको आली, जमीन संपादित झाली, सेक्टर पडले, आणि आज सेक्टरातला जवळजवळ प्रत्येक प्लॉट सिडकोचा भाडेपट्टा आहे, साधारण 60 वर्षांचा. मैदानं बरीचशी महापालिकेला हस्तांतर झाली, काही झाली नाहीत, काही कागदावर झाली पण ताबा पावती सापडत नाही. आणि गावठाणात तर विचारूच नका. आमची व्यायामशाळा ज्या जागेवर आहे ती जुन्या ग्रामपंचायतीने ठराव करून मंडळाला वापरायला दिलेली. 1992 ला महापालिका आली, ग्रामपंचायत गेली, ठरावाची मूळ प्रत कुठे गेली देव जाणे. आमच्या आधीच्या पिढीला वाटलं गावचीच जागा आहे, आपल्याला कोण हटकणार. हटकलं कुणीच नाही, खरंय, पण अनुदानाच्या अर्जात 'जागेचा प्रकार' या रकान्यात काय लिहायचं तेच कळेना.

मोठ्या पातळीवर पण हेच होतं. घणसोलीचं उदाहरण घ्या, नवी मुंबईतल्या प्रत्येक खेळाडूने हे माहीत करून घ्यावं. तिथली 36 एकर जागा सिडकोने 2003 मध्ये क्रीडा संकुलासाठी राखीव ठेवली, 2016 ला राज्याला द्यायचं ठरलं, आणि 2021 मध्ये सरकारने ठरवलं की संकुल रायगडमध्ये माणगाव तालुक्यात नाणोरेला करायचं, इथून 115 किलोमीटर. घणसोलीच्या जागेतला मोठा भाग खासगी बांधकामासाठी दिला गेला. आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेचं नवी मुंबई केंद्र हायकोर्टात गेलं आणि जुलै 2024 मध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. घणसोलीचं पोरगं लोकल, बस करून रोज सकाळी माणगावला प्रॅक्टिसला जाणार होतं का? मला हे आठवलं की आजही राग येतो. जागा गेली की कितीही कोटींचं अनुदान आलं तरी ते ठेवायचं कुठे. म्हणून तुमच्या एरियातलं मैदान डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये मैदान म्हणूनच दाखवलंय का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन नकाशावर बघून या, आरक्षण बदलायची सूचना निघाली की हरकत घ्यायला मुदत असते आणि ती मुदत गेली की नंतर बोंब मारून उपयोग नसतो.

जागेनंतर संस्था. नुसतं मंडळ असून भागत नाही, नोंदणी लागते, 1860 चा सोसायटी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्हीकडची सर्टिफिकेटं. ती असतात बहुतेकांकडे. अडतं ते चेंज रिपोर्टवर. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं, आणि कोण कळवतो? आमचे अध्यक्ष कोविडमध्ये गेले, आम्ही शोकसभा घेतली, नवीन अध्यक्ष टाळ्यांनी निवडला, बँकेत सह्या बदलल्या आणि झालं असं समजलो. दोन वर्षांनी अर्जाच्या वेळी कळलं की धर्मादायच्या रेकॉर्डवर अजून आमचे गेलेले अध्यक्षच अध्यक्ष आहेत, म्हणजे नवीन अध्यक्षांच्या सहीने केलेला अर्ज कायद्याच्या दृष्टीने कुणाचा? वकील करून, उशीर माफीचा अर्ज करून ते सरळ करायला आठ महिने गेले. त्याच्या जोडीला तीन वर्षांचं ऑडिट, पॅन, कार्यकारिणीचा ठराव, आणि केंद्राच्या योजनेत जायचं असेल तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलचा नंबर. हे सगळं अनुदान जाहीर होण्याच्या आधी तयार हवं, कारण जाहिरात निघते तेव्हा मुदत पंधरा-वीस दिवसांची असते आणि त्यात गणपती नाहीतर दिवाळी येते.

आता फाईल कशी चालते ते सांगतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त वैतागतात. अर्ज मान्य झाला की पहिली पायरी प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायचं आणि एवढ्या रकमेचं करायचं असं सरकारने म्हटलं. त्यासाठी अंदाजपत्रक लागतं, एस्टिमेट, आणि ते आपल्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरचं चालत नाही, सरकारी दरसूचीप्रमाणे पीडब्ल्यूडी किंवा महापालिकेच्या इंजिनिअरचं लागतं. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे इंजिनिअर म्हणतो की हे असं बांधलं तर उभं राहील. मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग काम, मग मोजमाप पुस्तकात म्हणजे एमबीत नोंद, मग बिल. मेख अशी की प्रशासकीय मान्यता आली म्हणजे पैसे आले असं अजिबात नाही. आमच्याकडे पेढे वाटले होते प्रशासकीय मान्यता आली तेव्हा! फेब्रुवारीचा महिना होता. त्या आर्थिक वर्षाचा निधी त्या वर्षातच, 31 मार्चच्या आत खर्ची पडायला लागतो, नाहीतर परत जातो. आमच्या फाईलमध्ये जागेच्या ना हरकत पत्रावर एक सही राहिली होती, ते पत्र एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पंचवीस दिवस फिरत होतं, मी आणि आमचा सेक्रेटरी रोज ऑफिस सुटलं की ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठायचो, आणि 31 मार्चला संध्याकाळी सातला आम्हाला सांगितलं की निधी समर्पित झाला. समर्पित म्हणजे परत गेला. शब्द इतका चांगला आणि अर्थ असा. घरी येताना लोकलमध्ये दोघं एक शब्द बोललो नाही. पोरांना काय सांगायचं हाच विचार.

त्यात आचारसंहिता. निवडणूक लागली की नवीन मंजुरी, नवीन वर्क ऑर्डर बंद. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही, म्हणजे वर्षातले कितीतरी महिने असेच गेले. ज्यांची वर्क ऑर्डर आचारसंहितेच्या आधी निघून काम सुरू झालं होतं त्यांचं चालू राहिलं, बाकीचे बसले. म्हणून अर्ज एप्रिल-मेमध्येच टाकायचा, डिसेंबरमध्ये टाकलेला अर्ज म्हणजे पुढच्या वर्षीचाच समजा.

आमदार निधी, खासदार निधी याबद्दल पण थोडं. आपल्याकडे आमदाराला वर्षाला 5 कोटी, खासदारालाही 5 कोटी स्थानिक विकासासाठी. ते त्यांच्या खिशात येत नाहीत. ते फक्त काम सुचवतात, पत्र देतात, मंजुरी आणि पैसा जिल्हाधिकारी कार्यालयातून, आणि काम महापालिका नाहीतर पीडब्ल्यूडी करते. म्हणजे पत्र आणलं की निम्मं काम झालं असं नाही, पत्राच्या मागे पुन्हा तीच जागा, तोच एस्टिमेट, तीच मान्यता. नगरसेवकांकडून पण छोटी कामं व्हायची, कुंपण, लाईट, बेंच. पण नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून महापालिकांवर प्रशासक आले, नगरसेवकच नव्हते इतकी वर्षं, आणि त्या काळात मैदानावरचा एक बंद हायमास्ट चालू करायला पण कुणाकडे जायचं हे लोकांना कळत नव्हतं. वॉर्डातली छोटी कामं किती त्या एका माणसामुळे होत होती ते तेव्हा समजलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या मते. सरकारी अनुदान बहुतेक वेळा बांधायला मिळतं, चालवायला मिळत नाही. सरकारी भाषेत भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च. हॉल बांधला, मॅट आली, लाईट लागल्या, फोटो निघाले. पुढच्या महिन्यापासून वीज बिल कोण भरणार? वॉचमन? कोचचं मानधन? मॅट पावसाळ्यात ओल धरते, ती उचलून वाळवायची, दोन-तीन वर्षांनी कडा उसवतात, ती बदलायची. स्विमिंग पूलचं तर पाणी फिल्टर करायचाच खर्च केवढा. याला कुठल्याच योजनेत नीट जागा नाही, म्हणून गावोगाव कुलूप लावलेली संकुलं दिसतात, आतमध्ये गवत. खेलो इंडियाच्या छोट्या केंद्रांची कल्पना मला म्हणूनच पटते, तिथे जुन्या चांगल्या खेळाडूला कोच म्हणून उभं केलं जातं आणि चालवण्यासाठीही दरवर्षी काही रक्कम मिळते. त्याचा प्रस्तावही क्रीडा कार्यालयामार्फतच. अर्ज करताना आपण स्वतःच एक कागद जोडावा, महिन्याचा खर्च किती, तो कुठून येणार, फी किती, गरीब पोरांना माफी कशी. असा कागद कुणी मागत नाही. पण आम्ही तो जोडला तेव्हा समोरच्या अधिकारी मॅडमनी फाईल पहिल्यांदा नीट उघडून वाचली.

चालवायच्या खर्चासाठी आपल्याकडे दुसरा रस्ता आहे तो सीएसआर. ठाणे-बेलापूर रोडच्या एमआयडीसी पट्ट्यात एवढ्या कंपन्या आहेत. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायला लागते, आणि परिशिष्ट सातच्या यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळ यांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलंय. प्रशिक्षण हा शब्द लक्षात ठेवा, कोचचं मानधन त्यात सरळ बसतं. त्यासाठी संस्थेकडे 12ए, 80जी या इन्कम टॅक्सच्या आणि सीएसआर-1 ही कंपनी खात्याची नोंदणी लागते. आमच्या मुलींच्या कोचचं मानधन गेलं दीड वर्ष असंच निघतंय.

स्पर्धांचं वेगळं आहे. लोक विचारतात, आम्ही दरवर्षी कबड्डी स्पर्धा घेतो, त्याला अनुदान? सरळ उत्तर, गल्लीतल्या स्पर्धेला राज्याचं किंवा केंद्राचं अनुदान नसतं. केंद्राचा पैसा मान्यताप्राप्त राष्ट्रीय फेडरेशनला जातो, त्यांच्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी. राज्य सरकार स्वतःच्या नावाजलेल्या स्पर्धा घेतं, छत्रपती शिवाजी महाराज चषक कबड्डी, भाई नेरुरकर चषक खो-खो, खाशाबा जाधव चषक कुस्ती, आणि यजमान जिल्ह्याला त्यासाठी निधी देतं. शालेय स्पर्धा, 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या, त्या क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं. महापालिका आपल्या बजेटमधून काही करते, ठाण्याची वर्षा मॅरेथॉन सगळ्यांना माहीत आहे. आपल्याला यात शिरायचं असेल तर रस्ता एकच, जिल्हा संघटनेशी मंडळ संलग्न करा आणि अधिकृत जिल्हा किंवा राज्य स्पर्धेचं यजमानपद मागा, मग मैदान भाड्यात सवलत, मॅट, पंच असल्या रूपात मदत मिळते. रोख नाही, पण तीच किती होते.

आणि बक्षीस म्हणजे अनुदान नव्हे, या दोन गोष्टी लोक सारख्या एकत्र करतात. मेडल आल्यावर सरकार बक्षीस देतं, द्यायलाच पाहिजे. पण खाशाबा जाधवांना 1952 ला हेलसिंकीला जायचं होतं तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. मेडल यायच्या आधीच पैसा लागतो, मॅटला, कोचला, दुधाला, लोकलच्या पासला.

पैसा मिळाला की हिशोब. वेगळं खातं ठेवा, एकाच खात्यात गणपतीची वर्गणी आणि अनुदान मिसळू नका. काम झालं की उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे युसी म्हणतात, सीएच्या सहीने. केंद्राच्या अनुदानाला 2017 चे वित्तीय नियम लागतात, आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत युसी द्यायचं, अनुदानावर बँकेत आलेलं व्याज पण सरकारचं, आणि त्यातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकायची नाही. जुनी मॅट भंगारात दिली आणि रजिस्टरला नोंद नाही, एवढ्यावरून पुढचं अनुदान अडलेली संस्था मी पाहिलीय. जुनं युसी बाकी असेल तर नवा अर्ज कुणी हातातच घेत नाही. बिलं जपा, अगदी टेम्पोच्या भाड्याचं पण.

2 नोव्हेंबर 2025 ला नेरुळला डी. वाय. पाटीलवर भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, त्या रात्री आमच्या गावात पण फटाके वाजले. नंतरच्या आठवड्यात आमच्याकडे नऊ नवीन मुली आल्या, क्रिकेट आहे का विचारत, आम्ही म्हटलं कबड्डी आहे, तर सहा जणी थांबल्या. ते स्टेडियम खासगी आहे, सरकारी पैशाचं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर या सहा जणी एका शाळेच्या पॅसेजमध्ये प्रॅक्टिस करतात कारण आमच्या मातीच्या ग्राऊंडवर पावसाळाभर चिखल असतो. मॅटवर न खेळलेली मुलगी जिल्ह्याच्या निवड चाचणीत मॅटवर उतरते तेव्हा तिचा पाय पहिल्या चढाईतच फसतो, मी हे डोळ्यांनी बघितलंय, आणि ती रडत म्हणाली होती, काका, मला येत होतं हो.

आमचा चेंज रिपोर्ट आता मंजूर झालाय. जागेचं पत्र महापालिकेकडून लेखी मिळालंय, शिक्का आणि जावक नंबरसकट, मी त्याच्या सहा झेरॉक्स काढून तीन घरांत ठेवल्यात. मागच्या वर्षीचं ऑडिट सीएकडे आहे, ते या आठवड्यात येईल. एस्टिमेटसाठी इंजिनिअर साहेब सोमवारी सकाळी अकराला ग्राऊंडवर येणार आहेत, 13 बाय 10 मीटरचं कोर्ट आणि चारी बाजूला मोकळी जागा किती बसते ते मोजायला, तेव्हा आम्ही टेप आणि चुना घेऊन साडेदहालाच तिथे असू.